चौथ्या महिन्यातला धीर



दिवाळी सरली की कामरेज चार रस्त्यावरून उसाच्या गाड्यांची रीघ लागते. काकरापारचा कालवा आणि १९७२ साली पुरे झालेले उकाई धरण यांच्या पाण्यावर तापीकाठचा हा मुलूख उसाचा झाला, आणि उसाच्या मागोमाग नवापूर, नंदुरबार, साक्री, डांग या बाजूंनी कोयतेही येऊ लागले. त्यांतले काही येथेच भागीने जमीन करून राहिले. रविवारच्या मिस्सेला मागच्या बाकांवर बसणारे, पाचटाने ओरखडलेले हात जोडून प्रार्थना करणारे आमचे बरेचसे लोक त्यांतलेच.

या पानावर आम्ही बहुधा खताचे, बियाण्याचे किंवा पोरांच्या हगवणीच्या औषधाचे लिहितो. आज धीराविषयी लिहावयाचे आहे. कोणी म्हणेल, फादर, हा विषय प्रवचनाचा. शेती-आरोग्याच्या पानावर त्याचे काय काम? काम आहे. आमची स्वतःची एक चूक झालेली आहे आणि ती याच पानावर सांगण्याजोगी आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या लोकांपैकी एका भावाला पावसाळा संपताना खोकला लागला. बिडीचा खोकला म्हणून त्याने महिना काढला. संध्याकाळी अंग कणकणे, जेवण जाईना, सदरा खांद्यावरून ओघळू लागला. शेवटी त्याच्या बायकोने आम्हाला सांगितले आणि आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेले. थुंकी तपासली, क्षय निघाला. गोळ्या सुरू झाल्या, त्याही फुकट. नाताळपर्यंत खोकला थांबला, भूक परतली. चौथ्या महिन्यात तो पुन्हा फडात मोळ्या उचलू लागला. इस्टरच्या सुमारास एका रविवारी मिस्सेनंतर त्याने उभे राहून देवाचे आभार मानले, आपण ठणठणीत बरे झालो असे सांगितले. आम्ही सर्वांना टाळ्या वाजवावयास लावल्या. आम्हीही वाजवल्या.

त्याच्या गोळ्या त्याआधीच बंद झाल्या होत्या. आम्ही विचारले नाही.

हंगाम संपला, तो कुटुंबासह गावी गेला. पुढच्या दिवाळीला परत आला तेव्हा आम्ही त्याला ओळखले नाही. थुंकी पुन्हा तपासली तेव्हा डॉक्टर म्हणाले की, नेहमीच्या गोळ्या आता त्याच्या अंगातील जंतूंवर चालत नाहीत. आता दुसरी औषधे, अधिक कडक, अधिक त्रासाची. त्या संध्याकाळी आम्ही बराच वेळ प्रार्थनामंदिरात बसून होतो. आजारी माणसासाठी आम्ही प्रार्थना केली होती, तेलाचा अभ्यंग केला होता, साक्ष दिली तेव्हा आनंद केला होता. पण त्याच्या धीराची खरी वेळ ज्या महिन्यात आली, त्या महिन्यात आम्ही त्याच्याजवळ नव्हतो. खोकला होता तोवर दर दोन दिवसांनी आम्ही त्याच्या खोपटाकडे जात होतो. खोकला थांबला आणि आमचे जाणेही थांबले.

नव्या करारात ज्या शब्दासाठी आपण ‘धीर’ म्हणतो, तो ग्रीक शब्द आहे हुपोमोने. सेमिनरीत आमच्या शिक्षकांनी तो फोडून दाखवला होता: हुपो म्हणजे खाली, मोने म्हणजे राहणे. ओझ्याखाली टिकून राहणे. तेव्हा आम्ही तो वहीत उतरवला आणि परीक्षेत लिहिला. त्यात ‘ओझे’ जितके आहे तितकेच ‘राहणे’ही आहे, हे समजावयास आम्हाला वीस वर्षे लागली. ओझे जड असताना माणूस आपोआप दात आवळतो. ओझे हलके वाटू लागले की मग त्याच्याखाली राहील कोण?

इब्री लोकांस लिहिलेले पत्र या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. ते नव्याने विश्वासात आलेल्यांसाठी नाही, किंवा ज्यांच्यावर तलवार उपसली आहे त्यांच्यासाठीही नाही. त्या लोकांनी सुरुवातीचा छळ सोसलेला होता. घरेदारे लुटली गेली तेही त्यांनी आनंदाने पत्करले होते, असे लेखक त्यांना आठवण करून देतो. पण आता त्यांचे हात गळाले आहेत, गुडघे लटपटत आहेत, काही जण एकत्र जमण्याचे टाळू लागले आहेत. संकट नवे नाही. काळ लांबला आहे, एवढेच. आम्ही त्या पत्राला मनाशी चौथ्या महिन्याचे पत्र म्हणतो.

आता उसाकडे वळू, कारण हीच गोष्ट आपण सारे दरवर्षी शेतात करतो. नव्या लागणीचे कोड किती! जमीन नांगरून तापवायची, शेणखत घालायचे, बेणे निवडायचे, पहिल्या पाण्याला घरातील सारे बांधावर. आणि तोडणी झाल्यावर जो खोडवा फुटतो, तो जणू देवाने फुकट दिलेला. पाचट पेटवून द्यायचे, पाणी सोडायचे आणि निघून जायचे. मग पुढच्या वर्षी उतारा घटला की म्हणायचे, खोडवाच तो, त्याला काय येणार! खोडव्याला खरे पाहता सोय जास्त आहे: बेण्याचा खर्च नाही, मशागत नाही, आणि तो लागणीपेक्षा लवकर पक्वही होतो. खोडवा कमी देतो याचे मोठे कारण त्याच्याकडे कोणी पाहत नाही हेच होय.

पाहावयाचे म्हणजे काय करावयाचे, तेही सांगतो. तोडणी जमिनीलगत झाली पाहिजे. कोयता वाकून मारावा लागतो, पाठ दुखते, म्हणून बुडखे वीतभर उंच राहतात. अशा उंच बुडख्याच्या वरच्या डोळ्यांतून जे कोंब येतात त्यांना स्वतःची मुळे नीट धरता येत नाहीत. ते हिरवे दिसतात, पण वाऱ्याने हलतात आणि वाळतात. जमिनीखालच्या डोळ्यातून आलेला कोंब आपली मुळे आपण टाकतो. म्हणून राहिलेले बुडखे पंधरवड्याच्या आत धारदार कोयत्याने छाटून टाकावेत. पाचट जाळू नये. ते सरीत पसरून, दर टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकावे व पाणी द्यावे. एकरी तीन-चार टन पाचट निघते, त्या हिशेबाने खत घ्यावे. पाचटाखाली ओल टिकते, तण दबते आणि ते कुजून जमिनीतच जाते. मग महिनाभराने शेतात फिरून जेथे फूट नाही तेथे रोपे लावून नांग्या भराव्यात. हे नांग्या भरण्याचे काम फारच कंटाळवाणे. त्यात काही नवे उगवल्याचा आनंद नाही, फक्त जे गेले त्याची जागा भरणे आहे. बहुतेक शेतकरी हेच चुकवतात.

पेरणाऱ्याचा दाखला मत्तय, मार्क आणि लूक तिघांनीही लिहिला आहे. चांगल्या जमिनीतल्या बीजाचा अर्थ सांगताना मत्तय आणि मार्क तीसपट, साठपट, शंभरपट असे पीक मोजतात. लूक तेथे आकडा देत नाही. त्याऐवजी तो तोच शब्द घालतो, हुपोमोने: ते धीराने फळ देतात. लूक वैद्य होता अशी परंपरा आहे. रुग्णाला मध्येच सोडून देणाऱ्याचे काय होते हे त्याने पाहिले असेल काय, असा विचार आमच्या मनात येतो. पण हा आमचाच विचार, त्याला कोणी शास्त्र समजू नये.

विश्वासातला धीर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हुतात्मे येतात. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर चढवून भाल्याने मारले. चित्रात आपण तो क्रूस पाहतो. पण त्याआधी क्योटोपासून नागासाकीपर्यंत जवळजवळ महिनाभर त्यांना ऐन थंडीत चालवीत नेले, कानाची पाळी कापून, गावोगाव लोकांना दाखवीत. त्या महिन्यातील विसाव्या दिवसाचे चित्र कोणी काढत नाही. शेवटच्या दिवशी शौर्य लागते. विसाव्या दिवशी दुसरेच काहीतरी लागते.

आणि संत जोसेफ वाझ यांच्या आयुष्यात तर हा विसावा दिवस वर्षानुवर्षे चालला. गोव्यात बाणावलीला १६५१ साली जन्मलेले हे धर्मगुरू १६८७ साली लंकेत शिरले. तेथे किनाऱ्यावर डच लोकांचा अंमल होता आणि कॅथोलिक धर्मगुरूंना बंदी होती. वाझ फादर गरीब मजुराच्या वेषात उतरले, उतरतानाच हगवणीने खंगलेले. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भीक मागत फिरले, कारण ती जपमाळ पाहून कोण ओळखतो यावरून कॅथोलिक घरे शोधावयाची होती. १६९२ साली कँडीच्या राज्यात गेले, तर पोर्तुगिजांचे हेर म्हणून त्यांना कैदेत टाकले. कैदेत त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. पुढे राजाने मोकळीक दिली. गोव्याहून दुसरे धर्मगुरू मदतीला पोहोचेपर्यंत जवळजवळ दहा वर्षे ते त्या बेटावर एकटे होते. कबुलीजबाब द्यावयाचा तर त्यांना स्वतःला दुसरा धर्मगुरू नव्हता! आम्ही धर्मगुरू असल्याने ही गोष्ट आम्हाला जास्त टोचते. महिन्याला एकदा सोबतीच्या फादरांना भेटता आले नाही तर आमची कुरकुर सुरू होते.

दुष्काळात त्यांनी प्रार्थना केली आणि पाऊस पडला, ही कथा लोकांना फार आवडते व ती सांगितलीही जाते. आम्हाला मात्र १६९७ साल महत्त्वाचे वाटते. त्या साली कँडीत देवीची साथ आली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. घरच्यांनीच रोग्यांना बाहेर टाकले. वाझ फादर राहिले. रोग्यांसाठी त्यांनी आसरा उभा केला, त्यांची घाण काढली, त्यांना भरवले, मेलेल्यांना पुरले. त्या वेळी देवीवर औषध नव्हते. द्यावयाचे ते एवढेच, की तेथे असणे. त्यानंतरही ते परतले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचा अंत झाला. लंकेत उतरल्याला तेव्हा जवळपास चोवीस वर्षे झाली होती. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून घोषित केले.

क्षयाच्या बाबतीत आपले नशीब त्या काळच्या माणसांहून चांगले आहे. बाळ येशूची संत तेरेजा ३० सप्टेंबर १८९७ रोजी अवघ्या २४ व्या वर्षी याच रोगाने गेली. तेव्हा यावर औषधच नव्हते. आज औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. साध्या क्षयाला ते सहा महिने रोज घ्यावयाचे असते, पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक जंतू मरतात, म्हणून खोकला थांबतो आणि माणसाला बरे वाटते. पण थोडे जंतू सुस्त होऊन दडून राहतात, त्यांना मारावयास पुढचे महिने लागतात. मध्येच गोळी सोडली तर हेच उरलेले पुन्हा वाढतात, आणि त्यांतले औषधाला न जुमानणारे पुढे होतात. आमच्या भावाचे असेच झाले. अशा माणसाच्या खोकल्यातून तेच हट्टी जंतू घरातील मुलांकडे जातात, म्हणजे मुलांना पहिल्यापासूनच कठीण रोग.

तेव्हा दोन आठवड्यांवर खोकला टिकला, संध्याकाळी ताप येऊ लागला, रात्री घाम सुटू लागला, वजन उतरले की थुंकी तपासून घ्यावी. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. मळमळ फार झाली, डोळे पिवळे दिसू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे; आपल्या मनाने गोळ्या सोडू नयेत. दारू पूर्ण बंद. तुरीची डाळ, शेंगदाणे, अंडी जमतील तशी खावीत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकार महिन्याला १००० रुपये बँकेच्या खात्यात देते (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते), म्हणून खाते पुस्तक दवाखान्यात दाखवावे.

कोयत्यांवर येणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. हंगाम संपला आणि गावी निघाला तर दवाखान्यात तसे सांगून जावे. तुमची नोंद तुमच्या गावाजवळच्या सरकारी दवाखान्याकडे वळविता येते आणि उरलेल्या गोळ्या तेथे मिळतात. हे आम्हाला त्या वेळी ठाऊक नव्हते. विचारले असते तर कळले असते.

रोग्याचे ताट-वाटी वेगळी करून त्याला गोठ्यात झोपविणाऱ्यांनाही दोन शब्द. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राने तेव्हाच पडताळून दाखवले की, घरी राहून औषध घेणारा रोगीही इस्पितळात ठेवलेल्याइतकाच बरा होतो, आणि त्यामुळे घरच्यांना जास्त धोका होत नाही. खिडकी उघडी ठेवा, तोंडावर फडके धरावयास सांगा, मुलांची तपासणी करून घ्या. माणसाला वाळीत टाकू नका.

आता एक गैरसमज, जो आम्हा धर्मगुरूंच्याच तोंडून पसरला आहे. धीर धरा असे आम्ही कोणालाही, कशासाठीही सांगतो. मुकादमाने उचल फुगवून दाखवली, धीर धरा. नवरा मारतो, धीर धरा. बाईला खोकला आहे पण रजा घेतली तर खाडा पडतो, धीर धरा. हा धीर नव्हे, हे मुकाट सोसणे आहे, आणि शास्त्रात त्याला आधार नाही. याकोब आपल्या पत्रात ईयोबाच्या धीराचे उदाहरण देतो. आणि ईयोब तर त्या पुस्तकात मुकाट सोसत बसत नाही! तो मित्रांशी भांडतो, देवाला जाब विचारतो. फक्त तो निघून जात नाही. ज्या बाईला खोकला आहे तिने तो लपवून कामावर जाणे यात आम्हाला धीर दिसत नाही. तिने सर्वांच्या देखत दवाखान्याच्या रांगेत उभे राहणे, आणि पुढे सहा महिने राहणे, यात दिसतो.

आणि प्रार्थनेचेही असेच असते, हे आम्ही स्वतःच्या अनुभवाने लिहितो. दीक्षा मिळाल्यानंतरची पहिली वर्षे आम्हाला मिस्सा अर्पण करताना गळा दाटून येत असे. पुढे अशी वर्षे आली की सकाळची प्रार्थना म्हणजे पाचटावरून चालण्यासारखी वाटे, ओठ हलत, आत काही हलत नसे. अशा वेळी आम्हाला वाटे की आमचा विश्वास गेला. एका वृद्ध धर्मगुरूंना आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, “आज म्हटलीस का?” आम्ही म्हटले, “हो.” “मग उद्याही म्हण,” एवढेच बोलून ते कोंबड्यांना दाणे टाकावयास गेले. त्या वेळी त्यांचा राग आला होता.

आमच्या भावाचे नवे औषध सुरू होऊन काही महिने झाले आहेत. या वेळी आम्ही एक नियम केला. दर रविवारी त्याची बायको गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत घालून आणते आणि मिस्सेनंतर आमच्या ओसरीवर मोजून दाखवते. प्रार्थनामंदिराच्या दिनदर्शिकेवर त्या आठवड्याचे सात दिवस ती खडूने खोडते. तो स्वतः कधी येतो, कधी येत नाही. औषधाने त्याच्या पायांना मुंग्या येतात, म्हणून डॉक्टरांना पुन्हा दाखवले आहे. तिला लिहिता येत नाही, पण आकडे येतात. खोकला पुन्हा थांबला आहे. म्हणजे आता आमच्या जाण्याचे दिवस सुरू झाले आहेत, आणि बुधवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे जातो, काही काम नसले तरी.

गेल्या रविवारी पाकिटे मोजून झाल्यावर आम्ही तिला चहा पिऊन जा म्हटले.

“नको फादर,” ती म्हणाली, “खोडव्यात नांग्या भरायच्या राहिल्यात. ऊन चढायच्या आत दोन सऱ्या होतील.”

रिकामी पिशवी घडी करून तिने कमरेला खोचली आणि ती कालव्याच्या बाजूने निघून गेली.